संपला का गं तुझा रेडिओ? (नोकरदार मंडळींना ऑनलाइन शिकवताना)

जमाखर्च

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. दिवसा एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम, आणि आठवड्यातून तीन रात्री ९ ते १० ऑनलाइन बॅच. विषय जीएसटी आणि एक्सेल. समोर बसणारे सगळे दिवसभर राबून आलेले: यंत्रमाग कारखान्यांतले अकाउंटंट, चाटी गल्लीतल्या दुकानांचे दिवाणजी, चिंचोली एमआयडीसीत बिलिंगला बसणाऱ्या मुली, युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटांचे मालक. वय २४ पासून ५९ पर्यंत.

पहिली बॅच २०२० च्या लॉकडाऊनमधली. नावं ३१, शेवटच्या तासाला माणसं ९. तेव्हा मी त्याचं खापर नेटवर्कवर फोडलं होतं.

मग एक दिवस असा आला. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करणं) शिकवत होतो. स्लाइड संपली, नेहमीसारखं विचारलं, "इथपर्यंत समजलं का सगळ्यांना?" नेहमीसारखी शांतता. पुढे सरकणार एवढ्यात एकीचा माइक चुकून चालू झाला आणि मागून आवाज आला, "संपला का गं तुझा रेडिओ? भाजी टाकू का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण राग आला होता. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लावून घड्याळ घेऊन बसलो. ५८ मिनिटांच्या तासात ५३ मिनिटं मी बोलत होतो. उरलेल्या पाचात "आवाज येतोय का" आणि "स्क्रीन दिसतेय का" हेच. म्हणजे ती माउली बरोबर बोलली होती, मी रेडिओच होतो. आणि रेडिओला कुणी उत्तर देत नाही.

त्यानंतर बरंच मोडलं, बरंच जोडलं. सगळं सांगत नाही, तीन गोष्टी सांगतो.

पहिली कॅलेंडरची. आधी मी अभ्यासक्रमाच्या क्रमाने जायचो. टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल बनवतं ती आपल्या क्रेडिटची यादी) आणि खरेदीवही जुळवण्याचा तास महिन्याच्या सुरुवातीला पडायचा आणि लोक जांभया द्यायचे. ज्यांना धंदा माहीत आहे त्यांना कळेल: दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ ला विक्रीचा जीएसटीआर-१, १४ ला टू-बी तयार, २० ला कर भरायचा थ्री-बी. एकदा सहज तोच तास १५ तारखेला घेतला. सगळे जागे! प्रत्येकाच्या ऑफिसात तीच डोकेदुखी चालू होती. एका मुलीची एकोणीस बिलं जुळत नव्हती. तिने स्क्रीन शेअर केली आणि सगळी बॅच तिच्या फाइलवर तुटून पडली. चौदा बिलांत क्रमांकामागे रिकामी जागा सुटलेली होती, ती एक्सेलच्या ट्रिम सूत्राने गेली. चार बिलं पुरवठादाराने रिटर्नमध्ये दाखवलीच नव्हती. उरलेल्या एका बिलाने अर्धा तास खाल्ला. शेवटी एका मालकाने बघितलं की पुरवठादाराने शून्याच्या जागी इंग्रजी ओ दाबलाय. मी स्वतः ते बघितलं नसतं. तेव्हापासून वेळापत्रक पोर्टलच्या तारखांवर, आणि १० ते ११ व १९ ते २० या तारखांना तास बंद. जानेवारीत तर अकरा तारखेपाठोपाठ गड्डा (आमची सिद्धेश्वराची जत्रा) येतो, तेव्हा बोलायलाच नको.

दुसरी गोष्ट चादरीची. एचएसएन कोडचा (बिलावर मालाचा प्रकार सांगणारा आकडा) तास होता आणि उत्तर माझ्या स्लाइडवर एका ओळीत तयार होतं. पण त्या दिवशी आधी विचारलं, "आपली सोलापुरी चादर कुठल्या कोडात?" एकजण म्हणाला ६३०१, ब्लँकेट. दुसरी म्हणाली ६३०४, बेडस्प्रेड तिकडे जातात. तिसरा म्हणाला, टॉवेल ६३०२ मध्ये आहे तर चादरही बेड लिनन म्हणून तिथेच. मग जुंपली. "आम्ही पांघरतो." "आमच्यात पाहुणे आले की अंथरतात." "पुण्याचा व्यापारी सोफ्यावर टाकायला नेतो, मग काय सोफ्याचा कोड लावू?" पंचवीस मिनिटं मी काही बोललो नाही. कुणी निर्यातीच्या बिलावर काय लिहितात ते सांगितलं, कुणी नोटीस आल्याची हकिगत. दर बहुतेक नगाच्या किमतीवर ठरतो, त्यामुळे करात फरक पडेलच असं नाही. पण बिलावर एक कोड आणि मालवाहतुकीच्या ई-वे बिलावर दुसरा गेला की उत्तरं देत बसावं लागतं. हे त्यांनीच एकमेकांना सांगितलं. माझी स्लाइड मी दाखवलीच नाही, कारण ती त्यांच्या बोलण्यापुढे फारच पोरकट होती.

तिसरी गोष्ट मात्र माझ्या चुकीची आहे आणि खरं तर तिच्यासाठीच हा धागा.

एक दिवाणजी होते, वय ५९. चाळीस वर्षं कीर्द-खतावणी हाताने लिहिलेली, बेरीज कॅल्क्युलेटरच्या आधी तोंडाने येणार. एकदा सगळ्यांना एक शीट सोडवायला दिली आणि उत्साहाच्या भरात त्यांची शीट स्क्रीनवर लावली. सूत्र चुकलं होतं. मी म्हटलं, "हे बघा, ही चूक सगळेच करतात, घाबरायचं काही नाही." अगदी गोड आवाजात. ते काही बोलले नाहीत. पुढच्या तासाला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

दहा-बारा दिवसांनी दुकानात गेलो. चहा मागवला त्यांनी. मी माफी मागितली तर म्हणाले, "सर, चूक दाखवली त्याचं काही नाही. चुकलंच होतं. पण त्या बॅचमध्ये आमच्या दुकानातली पोरगी आहे. तिला कामाला मीच लावलंय. तिच्या चुका मी लाल पेनने काढतो." मग वहीत डोकं घातलं.

वर्गात पोरांच्या हातात चुकायचा परवाना असतो. मोठ्या माणसाच्या मागे त्याचं दुकान, त्याची खुर्ची, हाताखालची माणसं असं सगळं लटांबर तासाला येतं. ऑनलाइनमध्ये तर चूक पूर्ण स्क्रीनभर मोठी दिसते आणि रेकॉर्डिंगमध्ये राहते.

तर माझा प्रश्न: तुमच्यापैकी जे नोकरदारांना, व्यावसायिकांना ऑनलाइन शिकवतात, किंवा असं शिकतात, ते हे कसं सांभाळता? एकाच ऑफिसातली लहानमोठी माणसं एका बॅचमध्ये घेता का?

---

कडकभाकरी

रेडिओ वाचून फुटले. आमच्याकडे "ते सर गेले का?" असं विचारतात.

मी शिकणाऱ्या बाजूची, पगारपत्रकं करते. शिकवणाऱ्यांना एक सांगायचंय. कॅमेरा बंद असतो तेव्हा तुम्हाला वाटतं बाई झोपल्या. माझी वेळ पण रात्री ९ चीच होती. एका कानात इयरफोन, हातात भाकरीचं पीठ. सर म्हणायचे "इथे क्लिक करा, मग इथे, आणि हे इथे ओढा". अहो इथे म्हणजे कुठे? मी तव्याकडे बघतेय! बी-सात म्हणा, टोटलचा कॉलम म्हणा, मला डोळे मिटून कळेल. त्यात एक मॅडम होत्या, त्या प्रत्येक सेलचं नाव आणि आकडा तोंडाने म्हणायच्या. त्यांचा तास मी भाकऱ्या थापत पूर्ण केला आणि सकाळी ऑफिसात जाऊन करून बघितलं. तुमच्या धाग्यात "स्क्रीन" शब्द फार आलाय, म्हणून लिहिलं.

---

काय_बे

सर आवाज यायलाय का? स्क्रीन दिसलंय का?

(कुणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं.)

---

जमाखर्च

कडकभाकरी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजचा तास ऐकून बघतो, किती वेळा "इथे" म्हणतो ते.

कॅमेऱ्याबद्दल माझाही एक धडा. एकजण कायम कॅमेरा बंद, माइक बंद, चॅटमध्ये फक्त अंगठा. मी त्याला मनातल्या मनात नापास करून टाकला होता. एकदा माइक उघडला त्याने, आणि मागे मागांचा खडखडाट असा की कुणाला काही ऐकू येईना. रात्रपाळीला कारखान्याच्या गोडाऊनमध्ये तागांच्या थप्प्यांवर बसून तास करत होता. त्याला बोलायचं असायचं, पण बोलणार कसं. तेव्हापासून चॅटमधलं उत्तर मी मोठ्याने वाचून दाखवतो, "अमुक म्हणतात की..." असं. लिहिणाऱ्यालाही बरं वाटतं आणि भाकरीवाल्यांनाही कळतं.

---

फळा_खडू

धागा चांगला आहे, पण थोडं कडू लिहितो.

मी महाविद्यालयात शिकवतो आणि सक्तीची ऑनलाइन प्रशिक्षणं स्वतः घेतलीही आहेत. एका प्रशिक्षणात अर्धे लोक व्हिडिओ एका टॅबमध्ये चालू ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये क्रिकेट बघत होते. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. चर्चेच्या पानावर "एक मत मांडा आणि दोघांच्या मतांवर प्रतिक्रिया द्या" असा नियम. झालं, ऐंशी जणांनी "खूप छान विचार मांडलात सर" असं लिहून गुण घेतले. मोठ्या माणसाला प्रमाणपत्र हवं असतं, शिकायचं असेलच असं नाही. तुमच्या बॅचला लोक पैसे भरून येतात म्हणून चादरीवर भांडतात. फुकटात आणि सक्तीने बसवा, मग बघू.

दिवाणजींच्या बाबतीत तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. शिकायला आलं की चूक दाखवलीच जाणार. आमच्या वेळी गुरुजी हातावर छडी द्यायचे.

---

वॉर्डसिस्टर

फळा_खडू सर, छडीचं राहू द्या. पन्नाशीच्या माणसाला छडी दिली तर तो रजेचा अर्ज देतो.

मी नर्सिंग स्टाफचं प्रशिक्षण बघते, बरंच ऑनलाइन असतं. आमच्यात तर उतरंड फारच पक्की. इन्चार्ज सिस्टर आणि काल लागलेली मुलगी एकाच तासात. औषधाचा डोस काढायचं गणित दिलं की सगळ्या इन्चार्ज गप्प, कारण चुकलं तर उद्या वॉर्डात तोंड कसं दाखवायचं. आणि सगळ्या नवीन मुलीही गप्प, कारण बरोबर आलं तर इन्चार्जला राग येईल! दोन्ही बाजूंनी कुलूप.

माझे उपाय सांगते. गणित मी निनावी पोलवर देते, त्यात कुणी काय लिहिलं दिसत नाही, फक्त किती जणांचं काय आलं ते दिसतं. आणि जे उत्तर चुकीचं पण जास्त जणींचं, त्यावर बोलते: "असं उत्तर येण्याचं कारण काय असेल?" मग चूक कुणाचीच राहत नाही. दुसरं म्हणजे आदल्या दिवशी ज्येष्ठ सिस्टरना फोन करते. "उद्या हा विषय आहे, तुमच्या वॉर्डात असं कधी झालं होतं का, पाच मिनिटं सांगाल का?" त्या तयारी करून येतात. त्यांची जागा आधी पक्की झाली की मग चुकायला त्यांना तितकी भीती वाटत नाही.

हे सगळं जमायला मला तीन वर्षं लागली. त्याआधी मीसुद्धा एकीला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं होतं. ती आजही माझ्याशी कामापुरतंच बोलते.

---

अभ्यासू_मुंगी

वाचतेय. एमए एज्युकेशनचा अभ्यास चालू आहे म्हणून थोडी पुस्तकी भर, चालवून घ्या.

प्रौढांचं शिकणं वेगळं, हे अमेरिकेत माल्कम नोल्स यांनी १९७० च्या आसपास जोरात मांडलं. अँड्रागॉजी हा शब्द मात्र त्याहून जुना, १८३३ मध्ये अलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकाने वापरलेला. नोल्स यांचं म्हणणं असं की मोठ्या माणसाला आधी "हे मला कशाला" याचं उत्तर लागतं, तो अनुभवाची पोतडी घेऊन येतो, आणि समोर अडचण उभी असेल तेव्हाच त्याची शिकायची तयारी होते. जमाखर्च यांचा १५ तारखेचा तास म्हणजे हेच.

फळा_खडू सरांसाठी: मुलं आणि मोठी माणसं अशी सरळ फाळणी नोल्स यांनीही पुढे सैल केली. १९८० पर्यंत ते म्हणू लागले की या दोन टोकांच्या मधेच बरंच काही असतं. नवीन विषयात मोठा माणूसही लहान मुलासारखा बोट धरू बघतो. त्यामुळे कधी कधी सरळ सांगून टाकणं हेच योग्य.

आणि ऑनलाइनबद्दल कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन, आर्चर या तिघांनी २००० साली एक मांडणी केली. त्यांच्या मते तीन उपस्थिती लागतात: शिकवणाऱ्याची, डोकं चालण्याची, आणि माणूस म्हणून एकमेकांना जाणवण्याची. तिसरी नसेल तर पहिल्या दोन कोरड्या राहतात. दिवाणजींच्या बाबतीत तिसरी बिघडली असं मला वाटतं.

---

काय_बे

मुंगीताई, तिसरी उपस्थिती म्हणजे चहाची टपरी ना? ऑफलाइन क्लासला सगळं शिक्षण टपरीवरच व्हायचं बे. ऑनलाइनला टपरी कुठाय?

---

अभ्यासू_मुंगी

चेष्टेत बोललात, पण हो, साधारण तेच!

---

रविवारसत्र

वरची चर्चा झूमपासून सुरू होतेय म्हणून जुनी आठवण सांगतो. मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा पदवीधर. विद्यापीठ १९८९ चं, आम्ही त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्य, आणि ती गंगा आमच्याकडे पोस्टमन घेऊन यायचा. कसली स्क्रीन आणि कसलं काय. एस.टी.त मेकॅनिक होतो, पुस्तकं डब्याच्या पिशवीत.

पण रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र असायचं. तिथले एक समुपदेशक सर होते, ते फारसं शिकवायचेच नाहीत. आम्ही पंधरा-वीस जण, कुणी पोलीस, कुणी तलाठी, एक विडी कारखान्यातली बाई. सर प्रत्येकाला विचारायचे, "या आठवड्यात कुठे अडलात?" उत्तर "वेळच मिळाला नाही" असलं तरी रागावायचे नाहीत. म्हणायचे, "मग आता पाचच पानं वाचू, मी पण वाचतो." आणि खरंच बसून वाचायचे. मला त्यांनी काय शिकवलं आठवत नाही, पण ते बसले होते हे आठवतं. त्या विडीवाल्या बाई आमच्या बॅचमध्ये सगळ्यात आधी पास झाल्या.

एक विचारतो जमाखर्च सर, तुमच्या तासाला पहिली दहा मिनिटं काय करता?

---

जमाखर्च

रविवारसत्र काका, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आधी पहिली दहा मिनिटं हजेरी आणि "अजून दोघं येतायत, थांबू या". आता ८.५० ला खोली उघडतो. विषयाचं काही बोलायचं नाही. कुणाचं जेवण झालं, कुणाच्या पोराची दहावी, कुठल्या कंपनीत भरती आहे. काय_बे, हीच आमची टपरी. काही जण त्या दहा मिनिटांसाठीच येतात आणि त्यांना यायला मी ना करत नाही. आणि "पाणी आलं" हे रजेचं अधिकृत कारण आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं की घरातल्या प्रत्येकाला हंडा-कळशी उचलावी लागते. आधी लोक नेट गेलं अशी थाप मारायचे. आता चॅटमध्ये "पाआ" लिहून उठतात, वीस मिनिटांनी परत येतात.

फळा_खडू सर, सक्तीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. "खूप छान विचार मांडलात" वाली चर्चा मीही करून बघितली होती, आठवड्यात गुंडाळली. आता चर्चेसाठी फक्त चुकीचं भरलेलं एक बिल टाकतो. नाव-पत्ता काढून. "यात काय काय चुकलंय?" एवढंच. त्यावर "छान विचार" लिहिता येत नाही.

आणि प्रश्न विचारून थांबायचं. हे अवघड जातं. वर्गातल्या शांततेवर मेरी बड रो यांचं जुनं संशोधन आहे: शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, जास्त जण बोलतात. ऑनलाइनमध्ये तर माणसाला आधी माइकचं बटण शोधायचं असतं, मग घरातल्यांना गप्प करायचं असतं. मी शेजारी पाण्याचा तांब्या ठेवतो. प्रश्न विचारला की सावकाश एक घोट, मग दुसरा. तिसऱ्या घोटापर्यंत कुणीतरी बोलतंच. उन्हाळ्यात सोयीचंही पडतं.

---

पूर्वभाग

मला भाषेबद्दल बोलायचंय. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, विजापूर रोडला पाहुणे कानडी. एका ऑनलाइन कोर्सला आम्हा तिघांना एका छोट्या खोलीत (ब्रेकआउट रूम) टाकलं, आम्ही आपलं तेलुगूत सुरू झालो. शिकवणाऱ्या मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, "कृपया सगळ्यांना समजेल अशा भाषेत बोला." खोलीत आम्ही तिघंच होतो! तिघंही गप्प. मराठीत बोलायला अडचण काहीच नाही, पण "हे माझं कुठे चुकलं" हे बोलायला आपली भाषा लागते. बरोबर आलेलं मराठीत सांगता येतं.

---

जमाखर्च

पूर्वभाग, हे मीपण केलंय. अगदी हेच वाक्य. आता छोट्या खोल्यांत मी जातच नाही, बाहेर बसून वाट बघतो. परत आले की एकाने मराठीत सांगायचं, एवढाच नियम.

---

फळा_खडू

बरं, छडीचं मागे घेतो. पण मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर कुणी दिलं नाही. एका ऑफिसातली माणसं एका बॅचमध्ये घेऊ नका. ज्येष्ठांची वेगळी बॅच, नव्यांची वेगळी. प्रश्न मिटला.

---

वॉर्डसिस्टर

मिटत नाही हो. वेगळं केलं तर इन्चार्ज सिस्टरचा वीस वर्षांचा अनुभव त्या नव्या मुलींच्या कानावर कधी पडणार? आणि नव्या मुलीला मोबाइलमध्ये जे झटकन सापडतं, ते सिस्टरला कोण दाखवणार? आम्ही एकदा केलं होतं वेगळं. ज्येष्ठांच्या बॅचमध्ये सगळ्या जणी "आमच्या वेळी" यावरच राहिल्या. नव्यांच्या बॅचमध्ये सगळं पटपट झालं आणि कुणाला काहीच प्रश्न नव्हते. मला ते जास्त भीतीदायक वाटलं.

---

जमाखर्च

मीही वेगळ्या बॅचच्या विरोधात. चादरीचं भांडण वेगळ्या बॅचमध्ये झालंच नसतं. ६३०४ म्हणणारी मुलगी २६ वर्षांची होती आणि पांघरण्याची बाजू लढवणारे ५५ चे.

माझं सध्याचं असं: कुणाचीही शीट त्याला आधी विचारल्याशिवाय स्क्रीनवर नाही. विचारायचं तेही खासगी मेसेजवर, तासात नाही, कारण सगळ्यांसमोर विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो. आणि पहिली चूक माझी दाखवायची. दर आठवड्याला एक शीट मी मुद्दाम नाही, खरोखरच चुकवतो. सूत्रं मला अजून चुकतात, तेवढी सोय देवानेच केलीय. तासाचं रेकॉर्डिंग गटात टाकतो पण छोट्या खोल्यांचं कधीच नाही.

एवढं करूनही माणसं जातात. मागच्या बॅचला २७ होते, शेवटी १९ राहिले. गेलेल्या आठांपैकी पाचांना फोन केला. दोघांची नोकरी बदलली होती, एकीचं बाळंतपण, एकाने सरळ सांगितलं की तुम्ही फार गप्पा मारता, मला फक्त एक्सेल हवं होतं. पाचव्याने फोन उचलला नाही.

---

काय_बे

तो पाचवा मीच नव्हतो ना सर? :)

---

कडकभाकरी

गप्पांचा कंटाळा येणाऱ्याची बाजू पण खरी आहे हं. मला पण कधी कधी वाटतं, चर्चा पुरे, सूत्र द्या, झोपायचंय. गटात बोलायचा उत्साह रोज नसतो. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी नुसतं ऐकायची मुभा हवी. "तुम्ही आज बोलला नाहीत" असं विचारलं की मी दुसऱ्या दिवशी जॉइनच करत नाही.

---

अभ्यासू_मुंगी

हे महत्त्वाचं. ऐकणारा माणूस शिकत नाही असं आपण फार लवकर ठरवतो. माझ्या वर्गात सेमिस्टरभर एक शब्द न बोललेल्या काकूंचा शेवटचा प्रकल्प सगळ्यात चांगला होता, आणि त्यात प्रत्येकाने केव्हा काय म्हटलं होतं त्याची नोंद होती!

---

रविवारसत्र

सर, दिवाणजी परत आले का? ते सांगायचं राहिलं.

---

जमाखर्च

नाही आले काका. मी दोनदा सांगून बघितलं, "बघू" म्हणाले. त्यांच्या दुकानातल्या मुलीने कोर्स पूर्ण केला.

पण चार-पाच महिन्यांपूर्वी, थ्री-बीची तारीख गेल्यानंतर, रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. माल परत आला होता आणि क्रेडिट नोट कशी दाखवायची यावर अडले होते. वीस मिनिटं बोललो. मी समजावत होतो, ते मधेच "थांबा, लिहून घेतो" म्हणायचे आणि मला पेनाचा आवाज ऐकू यायचा. शेवटी म्हणाले, "हे बॅचमध्ये सांगू नका." तेव्हापासून दर महिन्याला, २१ किंवा २२ ला, एक फोन असतो. एकच प्रश्न. पण प्रश्न असे की माझ्या कुठल्या स्लाइडमध्ये सापडणार नाहीत. मागच्या महिन्यात त्यांनीच पकडून दिलं की मी शिकवतो त्या पद्धतीने पुढच्या वर्षीची ताळेबंदाची जुळणी फसते.

तो प्रश्न बॅचला द्यायचा मोह झाला. या वेळी आधी विचारलं. फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, तांब्या जवळच होता. मग म्हणाले, "दुकानाचं नाव काढा. रक्कम बदला. आणि आमच्या पोरीला शेवटी विचारा, आधी दुसऱ्यांना करू द्या."

सोमवारी तो तास आहे.